फँड्री

नागराज मंजुळे लिखित-दिग्दर्शित मराठी चित्रपट (२०१३, चित्रपटगृहांत १४ फेब्रुवारी २०१४). कैकाडी बोलीत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. गावाने कडेला ठेवलेल्या कैकाडी कुटुंबातला शाळकरी जब्या (सोमनाथ अवघडे) वरच्या जातीच्या शालूच्या प्रेमात पडतो. बाप कचरू (किशोर कदम) गावाची पडेल ती कामे करतो.

मांडणी वास्तववादी असली, तरी तिच्यात एक स्वप्नवत धागा आहे. काळ्या चिमणीची राख अंगावर टाकली की हवे ते माणूस वश होते, या समजुतीने जब्या गलोल घेऊन रान पालथे घालतो. चिमणी हाती लागत नाही. जब्याचा एकटेपणा शब्दांत फारसा येत नाही. नाक सरळ व्हावे म्हणून तो नाकाला चिमटा लावून बसतो, तेव्हा हा एकटेपणा दिसतो. स्वतःचाच चेहरा नकोसा होणे याहून जवळून दाखवणे अवघड.

डुक्कर पकडण्याचा प्रसंग हा चित्रपटाचा कळस. शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच सगळे कुटुंब जागच्या जागी थबकते आणि डुक्कर निसटते. पुढे ते हाती लागते. मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन घरची माणसे ज्या भिंतीसमोरून जातात, तिच्यावर आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रे आहेत. लपत राहिलेला जब्या शेवटी चिडवणाऱ्यावर दगड भिरकावतो. तो दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. हा निव्वळ संताप नव्हे. लाज झटकलेल्या मुलाचे ते पहिले उत्तर आहे.

६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार मंजुळे यांना, तर बालकलाकाराचा पुरस्कार अवघडे यांना मिळाला.