दोन दफ्तरे, आठ दरकदार : पेशवाईतील कागदांची राखण

(१) पेशवा कर्नाटकच्या स्वारीवर, मामलेदार खानदेशात आणि जमाखर्चाची खतावणी पुण्यात. अठराव्या शतकातील मराठी राज्याचा कारभार असा शेकडो कोसांवर विखुरलेला होता. आज एकाच कंपनीची माणसे चार शहरांत बसून एका फाइलवर काम करतात. त्यांना पडणारे प्रश्न तेव्हाही होते : अस्सल नोंद कोणती, ती कोणापाशी, आणि दूर बसलेल्याने तीत फेरफार केला तर तो कळावा कसा?

(२) या प्रश्नांचे उत्तर म्हणजे पुण्याचे ‘हुजूर दफ्तर’. तेथे सुमारे २०० कारकून राबत. कामाची वाटणी विषयवार होती. फडाकडे सनदा, हुकूम आणि रोजकीर्द. बेहेड्याकडे प्रांतोप्रांतीच्या उत्पन्नाचे अंदाज. सरंजामाकडे लष्करी नेमणुकांचा हिशेब. कोणता कागद कोठे शोधायचा, हे कारकून बदलला तरी बदलत नसे.

(३) याहून महत्त्वाची विभागणी दुसरीच होती. चालू कामाचे कागद ‘चालते दफ्तर’ म्हणून थेट फडणिसाच्या ताब्यात असत. काम संपले की ते ‘एकबेरीज दफ्तरा’कडे जात. तेथे त्यांची वर्गवारी होई, जमा, खर्च आणि शिल्लक यांचे तर्जुमे, म्हणजे गोषवारे तयार होत, बाबवार खतावण्या लिहिल्या जात. राज्यकर्ते कोठेही असोत, एकबेरीज दफ्तराचा मुक्काम कायम पुण्यातच असे.

(४) आता प्रांताकडे वळू. मामलेदार हा जिल्ह्यातील सर्वाधिकारी खरा, पण त्याची लेखणी मोकळी नव्हती. त्याच्यासोबत आठ दरकदार नेमलेले असत : दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस. एका व्यवहाराचा माग यांपैकी अनेकांच्या हातून जाई.

(५) ही साखळी पाहण्यासारखी आहे. हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वी मुजुमदार तो तपासून मंजूर करी. फडणीस कागदावर तारीख घाली आणि रोजकीर्द लिही. दफ्तरदार त्या रोजकीर्दीवरून खतावणी तयार करून दरमहा गोषवारा हुजुरात पाठवी. पोतनीस वसुली व शिल्लक रकमेची नोंद ठेवी, तर पोतदार नाणे पारखी. मामलेदाराच्या पत्रांवर दिवाणाचीही निशाणी लागे. खोटी रक्कम लिहायची तर एकाला नव्हे, अनेकांना फितवावे लागे.

(६) आणि या दरकदारांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. त्याच्या गैरवर्तनाची खबर वर कळवणे हे तर त्यांचे कर्तव्यच होते. शिवाय परगण्याचे वंशपरंपरागत वतनदार देशमुख आणि देशपांडे आपापले कागद वेगळे राखून असत. मामलेदाराच्या हिशेबाला त्या कागदांचा ताळा घालता येई.

(७) खुद्द कागदाचेही रक्षण होते. आरंभी शिक्का उमटे, तर मजकूर संपताच मोर्तब. शिवकालीन पत्रांतील ‘मर्यादेयं विराजते’ आणि पेशवाईतील ‘लेखनसीमा’ या मोर्तबांचा अर्थ एकच : लेखन येथे संपले. यापुढे कोणी ओळ घुसवली तर ती मोर्तबाच्या बाहेर पडून उघडी पडे.

(८) म्हणून भ्रष्टाचार थांबला होता काय? नाही. एल्फिन्स्टनने नोंदवलेला एक प्रकार बोलका आहे. मंत्र्यांना आणि हिशेबतपासनिसांना गुपचूप द्यायच्या रकमेसाठी ‘दरबारखर्च’ या नावाने वसुली होई. कालांतराने ही लाच ठरीव होऊन रीतसर हिशेबात आली आणि तिचीही तपासणी होऊ लागली. मग नव्या लाचेसाठी ‘अंतस्थ’ नावाची आणखी एक वसुली सुरू झाली! दफ्तर चोरी नोंदवू शकत होते; ती रोखण्याची इच्छा वरच्यांनाच असावी लागे.

(९) ती इच्छा आटली, तेव्हा काय घडले? १७६३ साली निजामअलीच्या फौजेने पुणे जाळले, त्यात काही कागद गेले, तरी व्यवस्था टिकली. खरा घाव १७९६ नंतर, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बसला. मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. ठरलेली रक्कम हाती पडली की बारीक हिशेब विचारण्याचे कारणच उरले नाही. दफ्तराचा कारकूनवर्ग जवळजवळ मोडीत निघाला आणि लोकांना कागद उचलून नेण्याचीही मुभा मिळाली. जाळपोळीतून सावरलेले दफ्तर धन्याच्या बेपर्वाईने विस्कटले.

(१०) नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या हाती पडले. तेव्हा काही कागद सरकारी दफ्तरात अस्ताव्यस्त स्थितीत सापडले, तर काही नाना फडणिसांच्या वाड्यात. नाना १८०० सालीच वारले होते. त्या कागदांची किंमत पुढे रयतेला कळली. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने दख्खनमधील इनामांचे हक्क तपासायला घेतले, तेव्हा जुन्या दफ्तरातील नोंद हाच मोठा पुरावा ठरला. पूर्वजांना मिळालेली जमीन नातवंडांकडे राहणार की जाणार, हे मोडीतल्या चार ओळींवर येऊन ठेपले. कागद नेणाऱ्याने काय नेले होते, ते अर्ध्या शतकाने उमगले.

(११) आज पुण्याच्या पुराभिलेखागारात, १८९१ साली बांधलेल्या इमारतीत, पेशवे दफ्तराचे सुमारे ३९ हजार ‘रुमाल’, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, जपलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. कुलूप, मोहर आणि कापड ही राखणीची साधने होती. पण हे कागद सुरक्षित होते, ते अनेक हात एकमेकांची नोंद तपासत होते आणि वर कोणीतरी हिशेब मागत होते, तोवरच.