तीस जीव देणारा माणूस

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाले आणि गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्या उन्हाळ्यात मोठी माणसे कोणते कार्यालय कुठे जाणार याची चर्चा करीत होती. आम्हा पोट्ट्यांना त्याचे काही नव्हते. त्याच सुटीत आमच्या तुमसरच्या घरी व्हिडिओ गेम आला होता, आणि आमच्यापुढे एकच प्रश्न होता : कॉन्ट्रामधला धबधबा चढायचा कसा?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉन्ट्रात दोन सैनिक असतात, म्हणजे दोघांनी मिळून खेळायचे. तिसऱ्या टप्प्यावर कड्याकड्यांवरून उड्या मारत धबधब्याच्या वर जायचे असते. जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि जो मागे राहून पडद्याखाली जाईल तो मरतो. शत्रूची गोळी लागायचीही गरज नाही. माझा मावसभाऊ भराभर चढायचा आणि मी खालून ओरडायचो, ‘थांब ना बे!’ सोबत्याला मागे टाकून जिंकण्यात काही अर्थ नाही, ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाआधी त्या धबधब्याने शिकवली.

खेळाच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात काही डझनच खेळ, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या क्रमांकांनी. कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकर मारायची आणि परत लावायची. तिच्यावर चित्र होते, आकडा होता; बनवणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नव्हते. आम्हीही ते कधी विचारले नाही.

नाव का नव्हते, याची गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. आपल्याकडे सावंतवाडीला जशी गंजिफा रंगवतात, तसे जपानमधील क्योटो शहरात १८८९ साली हाताने केलेले पत्ते विकणारे एक दुकान सुरू झाले. तेच निन्टेन्डो. याच कंपनीने १९८३ साली टीव्हीला जोडायचे एक खेळयंत्र बाजारात आणले. ते जगभर मिळून सहा कोटींच्या वर विकले गेले. तैवान आणि चीनमधील कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या, आणि नकलांची ही लाट गावोगावच्या दुकानांपर्यंत आली. तुमसरच्या आमच्या टीव्हीखाली बसलेले यंत्र असे नकली होते. ज्यांचा खेळ होता त्यांना त्यातून ना पैसा मिळाला, ना नाव.

नाव मिळायला हवे असे त्यांचे काम होते. मारिओचेच बघा. त्याचा निर्माता शिगेरू मियामोतो. १९८१ साली ‘डाँकी काँग’मध्ये त्याने हा मिशीवाला प्रथम आणला. ठिपके इतके थोडे होते की तोंड नीट दिसेना, म्हणून मिशी. केस काढणे कठीण, म्हणून टोपी. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा बत्तीस टप्प्यांचा अख्खा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याहून कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी त्यात आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांना एकच चित्र वापरले आहे, फक्त रंग बदलून. आम्ही शेकडो वेळा ते पाहिले आणि आम्हाला ओळखू आले नाही!

या खेळांत एक उणीव होती. झालेला खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. मारिओ आठव्या जगात पोचलेला असावा, राजकुमारी दोन उड्यांवर असावी, आणि तेवढ्यात गल्लीत आरोळी उठावी, ‘लाइन गेली!’ लाइन परत आली की मारिओ पुन्हा पहिल्या जगात. भारनियमनाच्या दिवसांत आम्ही पहिले जग डोळे मिटूनही पार करू शकत होतो, ते यामुळेच.

कॉन्ट्रात तर सुरुवातीला तीनच जीव मिळत. मग एका सुटीत मावसभाऊ नागपूरहून वहीच्या शेवटच्या पानावर एक मंत्र लिहून घेऊन आला : वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए, स्टार्ट. खेळाच्या आरंभी ही बटणे या क्रमाने दाबली की तीनऐवजी तीस जीव! पाढ्यांसारखा आम्ही तो पाठ केला आणि आठवडाभरात साऱ्या गल्लीला तो तोंडपाठ झाला. ना छापील कागद, ना इंटरनेट. लोकगीत जसे पसरते तसा तो तोंडातोंडी पसरला.

फेब्रुवारी २०२० मध्ये एक बातमी वाचली. कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो वारले. १९८६ च्या सुमारास ‘ग्रेडियस’ हा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जाई. तपासणी सोपी व्हावी म्हणून त्यांनी बटणांचा एक क्रम आत घातला आणि तो तसाच राहून गेला. पुढे तोच क्रम कॉन्ट्रात आला. ज्याने मला तीस जीव दिले त्याचे नाव मला त्याच्या मरणाच्या बातमीत कळले. त्या दिवशी मी मावसभावाला फोन केला. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘वर, वर, खाली, खाली...’ आणि पुढचे मी पूर्ण केले.

आता काळ बदलला आहे. २०२० साली पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ जगभर प्रसिद्ध झाला. भारतीय पुराणकथांवर बेतलेल्या या खेळात बनवणाऱ्यांची नावे पडद्यावर येतात. मी ती शेवटपर्यंत वाचतो.

आमचे यंत्र आईने केव्हाच भंगारवाल्याला दिले. पण एक विनंती आहे. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी इथे ज्यांनी तासाच्या हिशेबाने व्हिडिओ गेम पार्लर चालवले, ते लोक आज उतारवयाकडे झुकले आहेत. कॅसेटी कुठून आणत, पोरांकडून तासाला किती घेत, लाइन गेली तर पैसे परत देत का, हे त्यांना एकदा विचारा आणि लिहून ठेवा. मारिओला जपून ठेवायची सोय नव्हती. या आठवणींना ती आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)