रात्री फोन बंद करून झोपावं का? आणि सकाळी तो सुरू व्हायला नेमका किती वेळ लागतो?

जून 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांनी नागरिकांना एक साधा सल्ला दिला होता: रोज रात्री पाच मिनिटं फोन बंद ठेवा, हवं तर दात घासत असताना. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनेही 2020 मधल्या आपल्या सूचनांमध्ये आठवड्यातून एकदा फोन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं होतं.

दोन्हीकडे रात्रभर फोन बंद ठेवा, असं कुणीच म्हटलेलं नाही. फायदा आहे तो रीस्टार्टचा.

रीस्टार्टने काय होतं?

काही हेरगिरी करणारी सॉफ्टवेअर्स फक्त रॅममध्ये राहतात. फोन बंद झाला की रॅम रिकामी होते आणि ती पुसली जातात. अर्थात, हल्लेखोर पुन्हा घुसू शकतो, आणि स्टोरेजमध्ये ठाण मांडलेलं सॉफ्टवेअर यामुळे जात नाही. त्यामुळे हा रामबाण उपाय नाही. पण अडकलेली अ‍ॅप्स मोकळी होतात आणि फोन थोडा हलका वाटतो, हेही खरं.

सुरू व्हायला किती वेळ?

बटण दाबल्यावर फोन आधी आपल्या सिस्टीममध्ये कुणी फेरफार केलेला नाही ना, हे तपासतो. मग कर्नेल, त्यानंतर बाकीच्या सेवा आणि शेवटी होम स्क्रीन. चांगल्या स्थितीतल्या फोनला यासाठी साधारण अर्धा ते एक मिनिट लागतं. जुना, स्वस्त किंवा स्टोरेज गच्च भरलेला फोन जास्त वेळ घेतो. मोठ्या अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटंही लागू शकतात.

पण लोगो गेला म्हणजे फोन पूर्ण तयार झाला, असं नाही. खरी गंमत इथेच आहे. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा बोटाचा ठसा किंवा चेहरा चालत नाही. पिन, पॅटर्न किंवा पासवर्डच द्यावा लागतो. तोपर्यंत फोनमधला बहुतेक डेटा कुलूपबंद असतो. कॉल येतो, पण नावाऐवजी नुसता नंबर दिसू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येत नाहीत. चोरी झालेल्या फोनसाठी हीच अवस्था सर्वात सुरक्षित, म्हणूनच अ‍ॅपलने 2024 मध्ये आयओएस 18.1 पासून आणि गुगलने 2025 मध्ये अँड्रॉइडसाठी, सलग तीन दिवस अनलॉक न झालेला फोन आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय आणली.

आणि अलार्म?

इथे अनेकांची सकाळची एसटी चुकते. आयफोन बंद असेल तर अलार्म वाजत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनचंही तसंच आहे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते. ती वापरायची असेल तर आधी एखाद्या दुपारी चाचणी घेऊन बघा. फोन सुरू आहे पण अजून अनलॉक केलेला नाही, अशा स्थितीत अलार्म वाजवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये 2016 च्या 7.0 आवृत्तीपासून आहे.

ज्यांनी सिमला पिन लावला आहे, त्यांनी रात्री आपोआप रीस्टार्ट होण्याची सेटिंग लावताना जपून. फोन पहाटे तीनला सुरू होईल खरा, पण सिमचा पिन टाकेपर्यंत नेटवर्कच येणार नाही, आणि कुणाचाही कॉल लागणार नाही.

बॅटरी वाचते का?

रात्रीतलं थोडं चार्जिंग वाचतं, इतकंच. बॅटरीला जास्त त्रास उष्णतेचा होतो. उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन ही त्याहून वाईट सवय.

गावी आई-वडील एकटे असतील तर?

फोन बंद असला की रात्रीचा तातडीचा कॉल लागतच नाही. झोपमोड टाळायची असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि घरच्यांचे नंबर त्यातून वगळा. अनोळखी नंबरचीही सोय आहे: वारंवार येणाऱ्या कॉलची सेटिंग सुरू असेल, तर त्याच नंबरवरून अँड्रॉइडवर 15 मिनिटांत आणि आयफोनवर 3 मिनिटांत दुसरा कॉल आला की फोन वाजतो. शेजाऱ्यांनी त्यांच्या फोनवरून कॉल केला तरी तो पोहोचावा, यासाठी 'लागला नाही तर लगेच पुन्हा लावा' एवढं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.