गढूळ पेल्याचा इतिहास

गेल्या नाताळच्या सुट्टीत माणगावातील एका कुटुंबाच्या घरी जाण्याचा योग आला. हे कुटुंब मूळचे रेवदंड्याकडचे. दोन पिढ्यांपूर्वी नोकरीनिमित्त ते किनारा सोडून घाटाच्या पायथ्याशी आले आणि येथलेच झाले. घरातला नातू पुण्यातील बिअर तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात काम करतो. त्याने सणासाठी आपल्या हातची एक बाटली आणली होती. पेल्यात ओतताच ती बिअर गढूळ दिसली. आमरसात पाणी घालावे तसा तिचा रंग होता, आणि तिला संत्र्याचा, अननसाचा, काहीसा पिकल्या आंब्याचा वास येत होता.

ऐंशी ओलांडलेल्या आजोबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘‘फादर, ही तर आमची माडीच की!’’

नातू हसला. ‘‘नाही हो आजोबा, ही माडी नव्हे. पण तुम्ही म्हणता ते अगदीच चूकही नाही.’’

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आजी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘माडी म्हणा नाहीतर बिअर म्हणा, दारू ती दारू. माझा भाऊ तिनेच नेला.’’

घरी परतल्यावर ही तीन वाक्ये माझ्या मनातून जाईनात. तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते. त्यांचा मेळ कसा घालावा याचा विचार करताना मला इतिहासाकडे वळावे लागले.

आजोबांच्या वाक्यापासून आरंभ करू. आपल्या किनाऱ्यावर माडाची माडी, ताडाची ताडी आणि शिंदीच्या झाडाची शिंदी ही पेये कित्येक शतकांपासून चालत आली आहेत. गार्सिया दा ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. माडाच्या या रसाचा ‘सुरा’ या नावाने त्यात उल्लेख आहे. गोव्यात आजही ‘सूर’ हा शब्द प्रचारात आहे, आणि सान्नांचे पीठ फुगवण्यासाठी ती पूर्वापार वापरली जात आली आहे. माडाची न उमललेली पोय बांधून, हलके ठोकून तिचे टोक रोज कापावयाचे आणि खाली मडके लावावयाचे, हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. झाडावरून उतरणारा ताजा रस म्हणजे नीरा. ती गोड असते. परंतु हवेतील व मडक्यातील सूक्ष्म जीव काही तासांतच साखरेचे मद्य करतात. सुमारे 4 ते 6 टक्के मद्यांश असलेली ही माडी दुसऱ्या दिवशी आंबट होते आणि पुढे तिचा शिरका होतो. तिचा गढूळपणा म्हणजे तिच्यात जिवंत असलेले यीस्ट आणि जीवाणू होत.

आता नातवाचे म्हणणे पाहू. बिअर ही धान्याची. मोड आणून वाळवलेले जव पाण्यात शिजवून, त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले घालून व नंतर यीस्टने आंबवून ती तयार होते. मध्ययुगीन युरोपात या कलेचे जतन करण्यात मठवासीयांचा मोठा वाटा होता. स्वित्झर्लंडमधील सेंट गालच्या मठात नवव्या शतकातील एका आदर्श मठाचा आराखडा जपून ठेवलेला आहे. त्यात बिअर तयार करण्याच्या तीन जागा दाखवल्या आहेत. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड या जर्मन मठाधिपतीणबाईंनी हॉपमुळे पेय लवकर नासत नाही, अशी नोंद करून ठेवली. याच हिल्डेगार्डना 2012 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी धर्मपंडितांच्या मालिकेत स्थान दिले. रोमन विधिपुस्तकात बिअरला आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

त्या काळची बहुतेक बिअर गढूळच असे. मातीच्या किंवा लाकडी पेल्यात ते कोणाला दिसत नसे. 1842 साली बोहेमियातील पिल्सेन गावी योसेफ ग्रोल याने सोन्यासारखी पारदर्शक बिअर तयार केली. काचेचे पेलेही त्याच शतकात स्वस्त झाले आणि स्वच्छ दिसणे हीच उत्तमतेची खूण ठरली. 1876 मध्ये लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. नको असलेले जीव पेय कसे नासवतात हे त्याने दाखवून दिल्यावर गढूळपणाविषयीचा संशय अधिकच बळावला. बेल्जियममधील हूगार्डन गावची गव्हाची पांढुरकी बिअर 1950 च्या दशकात बंदही पडली. पुढे 1966 मध्ये पिएर सेलिस या दूधविक्याने ती पुन्हा सुरू केली. तिच्यात संत्र्याच्या जातीच्या फळाची साल आणि आपल्या रोजच्या ओळखीचे धने घालतात!

एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात जॉन किमिक यांच्यासारख्या छोट्या उत्पादकांनी न गाळलेली, फळांच्या वासाची बिअर लोकप्रिय केली. 2018 मध्ये अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने या प्रकाराला स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली. पुण्यात 2009 मध्ये ‘डूलाली’ने महाराष्ट्रातील पहिली लहान ब्रुअरी सुरू केली, आणि तेव्हापासून ही विद्या आपल्या मुलांच्याही हाती आली.

या बिअरमध्ये फळ मुळीच नसले तरी तिला फळांचा वास येतो. काही जातींच्या हॉपफुलांतील तेलांत आंबा व संत्रे यांची आठवण करून देणारे घटक असतात, तर काही यीस्ट आंबवताना केळ्याच्या वासाचे द्रव्य निर्माण करतात. गहू व ओट यांतील प्रथिने आणि हॉपमधील तुरट द्रव्ये यांच्या संयोगाने मुख्यतः तिला गढूळपणा येतो. म्हणजे माडीचा गढूळपणा वेगळा आणि हिचा वेगळा. परंतु दोन्हींतला सुगंध बराचसा यीस्टच्या कामगिरीतून येतो. आजोबांची जीभ अगदीच फसली नव्हती.

नातवाने मला परीक्षणाची रीतही समजावून सांगितली. स्पर्धांतील परीक्षक प्रचलित पद्धतीनुसार एकूण 50 गुण देतात. वासाला 12, चवीला 20, तोंडातील स्पर्शाला 5, एकंदर परिणामाला 10, आणि रूपाला केवळ 3! प्रथम पेला नाकाशी न्यावयाचा, मग उजेडात धरून पाहावयाचा, मग लहानसा घोट जिभेवर फिरवावयाचा. कडवटपणा मऊ आहे की घशाला टोचतो, गोडी चिकट वाटते की नाही, हे पाहावयाचे. गढूळपणा क्षम्य आहे, परंतु तळाशी गुठळ्या, लोण्याचा वास किंवा ओल्या पुठ्ठ्याची चव हे दोषच होत. ही बिअर ताजी असतानाच चांगली लागते. काही आठवड्यांत तिचा सुगंध विरतो. ‘‘माडी तर एका दिवसात जाते,’’ आजोबा म्हणाले, आणि त्यांनीही आपली परीक्षा सांगितली: सकाळची कोणती, दुपारची कोणती, मडके नीट धुतलेले होते की नव्हते, हे ते पूर्वी वासावरून ओळखत. त्यांच्या या विद्येला कोणी कधी गुण दिले नाहीत.

उलट, तिच्यावर कर बसला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारने माडी काढण्यावरील व भट्ट्यांवरील पकड आवळली. झाडागणिक कर वाढला. भंडाऱ्यांनी विरोध केला, संपही केले. ज्याच्या परसात दहा माड, त्यालाही आपल्याच झाडाला हात लावण्यासाठी परवाना घ्यावा लागे. त्याच काळात उरणच्या मोहाच्या दारूच्या भट्ट्या भरभराटीला आल्या. सौम्य माडी महाग झाली की माणूस मोहाच्या कडक दारूकडे वळतो, अशी तक्रार तेव्हाच होऊ लागली होती. सरकारचे लक्ष मात्र मुख्यत्वे महसुलावर होते. 1908 मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या अनुयायांनी दारूच्या दुकानांपुढे निरोधन केले, त्यामागे हाही रोष होता. पुढे 1949 च्या दारूबंदी कायद्याने माडी, बिअर आणि भट्टीची दारू यांना एकाच मापाने मोजले. चोरट्या भट्ट्या गावोगाव पेटल्या, आणि आजींसारख्या कित्येकींचे भाऊ त्यांत गेले.

म्हणून आजींचे वाक्य खोडून काढण्याचे धाडस माझ्यात नाही. त्यांना यीस्टची जात सांगून काय उपयोग? संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले. चाळिसाव्या प्रकरणात दुसऱ्याच्या पिण्याचे माप ठरवताना त्यांना संकोच वाटल्याचे दिसते. दिवसाला एक ठराविक माप त्यांनी नेमून दिले, आणि ज्यांना वर्ज्य करण्याचे बळ लाभले आहे त्यांना विशेष मान दिला. दोघांनाही एकाच मेजावर जागा आहे.

त्या दिवशी नातवाने बाटलीतले उरलेले पेय कोणाला आग्रहाने वाढले नाही. आजोबांनीही आपला पेला अर्ध्यावर ठेवला. मग आजींनी सर्वांसाठी चहा आणला, आणि नातवाजवळ बसून त्याला हळूच विचारले, ‘‘तुझ्या त्या कारखान्यात धने घालतात म्हणतोस, ते भाजून की कच्चे?’’ त्या घरात दारूच्या विषयावर कोणी रागावल्याशिवाय झालेले ते पहिलेच संभाषण असावे. परीक्षक रूपाला 50 पैकी 3 गुण देतात. माणसांना तोलताना आपण किती देतो, याचा विचार करीत मी त्या घरून निघालो.