चेंडू रेघेला शिवला का?

खेळाडू बोट वर करतो. उंच खुर्चीतला मुख्य पंच माइकवरून जाहीर करतो की दाद मागितली आहे, आणि हजारो माणसं एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागतात. ठेका हळूहळू जलद होतो. मोठ्या पडद्यावर एक चेंडू आपली सावली ओढत तरंगत येतो, जमिनीला टेकतो, आणि चित्र जवळ जवळ जात एका लंबगोल डागावर थांबतं. डाग रेघेला शिवलेला असतो किंवा नसतो. कोणी हुश्श करतं, कोणी कपाळावर हात मारतं आणि खेळ पुढं सुरू होतो.

टेनिसच्या मैदानांत हा सोहळा दीड-दोन दशकं नेमानं चालला. त्यातली गंमत फार थोड्यांच्या लक्षात आली. पडद्यावर जे दिसतं ते चित्रीकरण नव्हेच, ते कार्टून असतं. कॅमेऱ्यांनी टिपलेल्या जागांवरून संगणकानं चेंडूचा मार्ग ठरवला आणि तो चितारला, एवढंच. मिकी माऊसच्या घराण्यातला एक चिमुकला चित्रपट लाखो डॉलरांच्या सामन्याचा निवाडा करतो आणि तो सगळ्यांना मान्य असतो.

टेनिस, टीव्ही आणि कार्टून यांचा शेजार जुनाच आहे. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी २ नोव्हेंबर १९३६ रोजी सुरू झाली आणि पुढच्याच उन्हाळ्यात, २१ जून १९३७ रोजी, विम्बल्डनचा सामना पहिल्यांदा घराघरांत दिसला. घराघरांत म्हणजे लंडनच्या आसपासच्या मोजक्या श्रीमंत घरांत. खेळत होते बनी ऑस्टिन आणि जॉर्ज रॉजर्स. ऑस्टिन आधीच प्रसिद्ध होता, कारण विम्बल्डनवर लांब पॅंट सोडून अर्ध्या चड्डीत उतरण्याचं धाडस त्यानं केलं होतं. प्रक्षेपण संपूर्ण काळं-पांढरं होतं आणि कपडेही पांढरेच, त्यामुळं रंगाचं कोणाचं काही अडलं नाही.

टीव्हीनं सुरुवातीलाच टेनिस उचललं, कारण हा खेळ चौकटीत मावतो. कोर्टाची लांबी पावणेचोवीस मीटर, एकेरीची रुंदी सव्वाआठ. मागच्या बाजूला जरा उंचावर एक कॅमेरा ठेवला की सगळं कोर्ट डोळ्यांत येतं. क्रिकेटमध्ये चेंडू सीमेकडं पळतो आणि त्या काळचा कॅमेरा त्याच्यामागं धापा टाकत जातो. टेनिसमध्ये चेंडू जिथून गेला तिथंच परत येतो.

मग युद्ध आलं. १ सप्टेंबर १९३९ रोजी बीबीसीची दूरचित्रवाणी बंद झाली. बंद होण्याआधीच्या शेवटच्या कार्यक्रमांत मिकी माऊसचा ‘मिकीज गाला प्रीमियर’ हा चित्रपट होता. तो अर्ध्यावर तोडला गेला आणि सात वर्षांनी तिथूनच पुढं दाखवला, अशी लोणकढी थाप इंग्लंडात आजही चवीनं सांगितली जाते. प्रत्यक्षात तो पूर्ण दाखवला गेला होता. मात्र ७ जून १९४६ रोजी सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा तोच मिकी पुन्हा पडद्यावर आला, हे खरं.

कार्टूनवाल्यांनाही टेनिसचा मोह पडला होता. एकट्या १९४९ सालात हॉलिवूडमधून टेनिसवरचे दोन कार्टूनपट आले. डिस्नेच्या ‘टेनिस रॅकेट’मध्ये जाळीच्या दोन्ही बाजूंना गूफीच खेळतो. एमजीएमच्या ‘टेनिस चम्प्स’मध्ये टॉम आणि बुच या बोक्यांची लढत आहे आणि अर्थातच खरा विजेता जेरी उंदीर. चेंडू हा चित्रकाराचा पहिला धडा असतो. ॲनिमेशन शिकणाऱ्या पोराला सगळ्यात आधी टप्पा खाणारा चेंडू काढायला लावतात. जमिनीला लागताना तो किती चपटा करायचा, उसळताना किती लांबवायचा, हे जमलं की माणूस चालवता येतो. दाद मागितल्यावर दिसणारा तो लंबगोल डाग म्हणजे याच धड्याचं फळ.

रंगीत टीव्हीनं मात्र सगळं ढवळून काढलं. १ जुलै १९६७ रोजी बीबीसी टू या वाहिनीनं विम्बल्डनपासूनच रंगीत प्रक्षेपणाला आरंभ केला. वाहिनीची सूत्रं तेव्हा डेव्हिड ॲटनबरो यांच्याकडं होती. पुढं प्राण्यांवरच्या मालिकांनी जगाला माहीत झालेले तेच हे. हिरवळ हिरवी दिसली, लोक खूश झाले. पण पांढरा चेंडू पांढऱ्या रेघेवरून जाताना हरवू लागला. चाचण्या झाल्या आणि १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं पिवळ्या चेंडूला मान्यता दिली. विम्बल्डन परंपरेचं सोवळं नेसून बसलं होतं. तिथं पिवळा चेंडू १९८६ मध्ये आला. घरी बसलेल्या माणसाला दिसावा म्हणून मैदानातल्या वस्तूचा रंग बदलला, ही साधी गोष्ट नाही. इथून पुढं खेळाचा खरा मालक कोण हे स्पष्ट झालं.

याच १९६७च्या ऑगस्टमध्ये बीबीसीनं आणखी एक चाल केली. रंगीत टीव्हीचा उत्सव म्हणून सेंटर कोर्टवर पैसे घेऊन खेळणाऱ्या आठ व्यावसायिकांची स्पर्धा भरवली. या मंडळींना तोवर विम्बल्डनचे दरवाजे बंद होते, कारण मोठ्या स्पर्धा फक्त ‘हौशी’ खेळाडूंच्या होत्या. हौशी म्हणायचं आणि पाकिटं मागच्या दारानं द्यायची, असा तो ढोंगी मामला होता. अंतिम सामन्यात रॉड लेव्हरनं केन रोजवॉलला हरवलं, स्टेडियम भरलं, आणि त्या वर्षाअखेर ब्रिटिश संघटनेनं हौशी-व्यावसायिक भेद मोडण्याचा ठराव केला. १९६८ मध्ये विम्बल्डन सगळ्यांना खुलं झालं. पहिले विजेते लेव्हर आणि बिली जीन किंग. हा बदल एकट्या टीव्हीनं घडवला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण रेटा टीव्हीचा होता.

एक अडचण उरली होती, वेळेची. १९६९ मध्ये विम्बल्डनवर ४१ वर्षांचा पांचो गोन्झालेस आणि चार्ली पासरेल दोन दिवस झुंजले. २२–२४, १–६, १६–१४, ६–३, ११–९. पाच तास बारा मिनिटं, ११२ गेम. सामना अजरामर झाला, पण कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्यांनी कपाळ धरलं असेल. जिमी व्हॅन ॲलन हा अमेरिकी गृहस्थ बरोबरीत अडकलेला सेट मोजक्या गुणांत निकालात काढणाऱ्या टायब्रेकरची कल्पना घेऊन वर्षानुवर्षं फिरत होता. १९७० मध्ये अमेरिकन ओपननं ती घेतली, १९७१ मध्ये विम्बल्डननं. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. आणि मग १९८० च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यातल्या चौथ्या सेटमध्ये बोर्ग आणि मॅकेन्रो यांनी ३४ गुणांचा टायब्रेकर खेळला. मॅकेन्रोनं तो १८–१६ असा घेतला आणि बोर्गनं पाचवा सेट जिंकून सामना घेतला. वेळ वाचवण्यासाठी काढलेल्या युक्तीतून टीव्हीला आपलं सर्वांत लाडकं नाट्य मिळालं.

त्याआधी, २० सप्टेंबर १९७३ रोजी, ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये बिली जीन किंगनं बॉबी रिग्ज या ५५ वर्षांच्या पुरुष खेळाडूला ६–४, ६–३, ६–३ असं लोळवलं होतं. मैदानात ३०,४७२ प्रेक्षक आणि जगभरात टीव्हीसमोर अंदाजे ९ कोटी. निम्मी सर्कस, निम्मी चळवळ असा तो प्रकार होता. पण घराघरांतल्या स्त्री-पुरुष वादाचा निकाल टेनिसच्या कोर्टावर लागताना लोकांनी पाहिला.

मराठी घरांत हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोचलं. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १९८२ मध्ये देशभर रंग आला. टेनिस इथं जिमखान्याचा खेळ होता. रॅकेट परवडत नव्हती, कोर्ट क्लबच्या कुंपणाआड. तरीही चाळीतल्या आणि सोसायटीतल्या माणसांची टेनिसवर ठाम मतं तयार झाली, ती केवळ टीव्हीमुळं. लंडनला दुपारचे दोन वाजले की इथं साडेसहा. जुलैच्या पावसाळी संध्याकाळी, बाहेर धो धो कोसळत असताना, ज्यांनी आयुष्यात कधी सर्व्हिस केली नाही ती मंडळी बेकरच्या सर्व्हिसमधल्या खोडी काढत. एडबर्गवाले आणि बेकरवाले असे तट पडत. स्टेफी ग्राफचा फोरहॅंड की नवरातिलोवाची व्हॉली, यावर जेवणं थंड होत. खेळाशी नातं हाताचं नसून डोळ्याचं असलेला रसिक, हा दूरदर्शनचा शोध आहे.

कार्टूनच्या बाबतीतही तेच. ‘एक, अनेक और एकता’ हा १९७४ चा छोटा चित्रपट मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचा. फिल्म्स डिव्हिजनसाठी तो झाला, रेखाटनं भीमसेन यांची. दूरदर्शननं तो इतक्यांदा दाखवला की एका पिढीला तो पाठ झाला. १९९३ मध्ये जपानी ‘जंगल बुक’ हिंदीतून आलं तेव्हा शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा होता, आणि रविवारी सकाळी गल्ल्या सुनसान पडू लागल्या. जपानी रेघ, इंग्रज लेखकाची गोष्ट, मुरुडच्या माणसाची गुरगुर. कोणालाही ते परकं वाटलं नाही.

पण मूळ प्रश्न राहिलाच, चेंडू रेघेला शिवला का? १९८० मध्ये विम्बल्डननं सर्व्हिसच्या रेघेसाठी ‘सायक्लॉप्स’ नावाचं इन्फ्रारेड किरणांचं यंत्र बसवलं. चेंडू बाहेर गेला की ते पीप करी. बाकीच्या रेघा माणसांच्या डोळ्यांवर. पुढच्याच वर्षी तिथं पंचाशी वाद घालताना मॅकेन्रोचा कुप्रसिद्ध भडका उडाला. त्याचं म्हणणं असं की चेंडू रेघेवर पडला, खडूची भुकटी उडाली, सगळ्या स्टेडियमला दिसली. तेव्हा पुरावा भुकटीचा होता.

पुरावा बदलला इंग्लंडमध्येच. पॉल हॉकिन्स या अभियंत्यानं बनवलेली हॉक-आय यंत्रणा २००१ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणात आली आणि लवकरच टेनिसमध्ये. सुरुवातीला ती फक्त प्रेक्षकांच्या करमणुकीला होती. यातूनच एक विचित्र परिस्थिती तयार झाली. सोफ्यावर चिवडा खाणाऱ्याला खरं काय ते ठाऊक आणि मैदानातल्या पंचाला नाही. २००४ च्या अमेरिकन ओपनमध्ये सेरेना विल्यम्स आणि जेनिफर कॅप्रियाती यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात निर्णायक सेटमध्ये सेरेनाविरुद्ध चुकीचे निर्णय गेले. टीव्हीवर चूक ढळढळीत दिसत होती. सेरेना हरली, अमेरिकन टेनिस संघटनेनं माफी मागितली. मार्च २००६ मध्ये मायामीच्या स्पर्धेत खेळाडूंना यंत्राकडं दाद मागण्याचा हक्क मिळाला, त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये आणि २००७ मध्ये विम्बल्डनवर.

त्या २००७ च्या अंतिम सामन्यात नदालचा एक फटका बाहेर दिला गेला. त्यानं दाद मागितली आणि कार्टूननं सांगितलं, केसभर आत. फेडरर इतका वैतागला की हे यंत्र बंद करा, असं त्यानं पंचाला सुचवलं. सामना त्यानं जिंकला, पण त्याची तक्रार पोकळ नव्हती. यंत्रणेची सरासरी चूक ३.६ मिलिमीटर असल्याचं तेव्हा सांगितलं जाई. कार्डिफच्या हॅरी कॉलिन्स आणि रॉबर्ट इव्हान्स या अभ्यासकांनी २००८ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांचा आक्षेप यंत्र वापरण्याला नव्हता. अंदाजाला ठसठशीत कडा देऊन तो पाहिलेलं सत्य म्हणून दाखवतात, याला होता. भुकटी उडते, ती विरते, तिच्याबद्दल शंका घेता येते. रेखीव डागाबद्दल शंका घ्यायचं डोळ्याला सुचत नाही. या दोघांचं म्हणणं टेनिसवाल्यांनी फारसं मनावर घेतलं नाही, आणि ती त्यांची चूक होती.

नंतर दाद मागण्याचीही गरज उरली नाही. यंत्रच प्रत्येक रेघेवर ओरडू लागलं. २०२५ मध्ये विम्बल्डननं १४७ वर्षांची रेषापंचांची प्रथा बंद केली. त्याच स्पर्धेत एका सामन्यात सेंटर कोर्टच्या एका भागावरची यंत्रणा चुकून बंद राहिली, चेंडू सरळ बाहेर पडला, यंत्र गप्प. पंचानं गुण पुन्हा खेळवला.

त्याच वर्षी जानेवारीत मेलबर्नमध्ये वर्तुळ पूर्ण झालं. ऑस्ट्रेलियन ओपनचे प्रक्षेपणाचे हक्क वाहिन्यांना विकलेले. त्यामुळं आयोजकांना स्वतःच्या यूट्यूबवर सामने थेट दाखवता येत नव्हते. त्यांनी तोडगा काढला. कॅमेऱ्यांनी खेळाडूंच्या सांध्यांच्या हालचाली टिपायच्या आणि दोनेक मिनिटांच्या उशिरानं त्यांच्या जागी व्हिडिओ गेममधल्यासारखी गुबगुबीत बाहुली धावताना दाखवायची. आवाज खरा, टाळ्या खऱ्या, गुण खरे आणि माणसं कार्टून. लाखो लोकांनी ते पाहिलं. अनेकांचं मत पडलं की खऱ्यापेक्षा हेच बघायला मजा येते.

उरली लाल माती. तिच्यावर चेंडूचा वण उमटतो, म्हणून फ्रेंच ओपननं २०२५ मध्येही रेषापंच ठेवले. वाद झाला की मुख्य पंच खुर्चीवरून उतरतो, वाकून वण शोधतो आणि बोटानं दाखवतो. माद्रिदची मातीची स्पर्धा मात्र यंत्राकडं गेली. तिथं एप्रिल २०२५ मध्ये अलेक्झांडर झ्वेरेव्हला दिसलं की मातीतला वण बाहेर आहे आणि यंत्र आत म्हणतंय. पंच यंत्राच्या बाजूनं ठाम. झ्वेरेव्हनं आपल्या बाकावरून मोबाइल आणला, त्या वणाचा फोटो काढला आणि त्याबद्दल ताकीद घेतली.