बेसिनच्या निचऱ्यातील प्रतिजैविकरोधी जीवाणू

रुग्णालयातील हात धुण्याच्या बेसिनखाली, निचरा नळीच्या वाकात कायम पाणी साचलेले असते. गटाराची दुर्गंधी वर येऊ नये म्हणून केलेली ही सोयच जीवाणूंच्या पथ्यावर पडते. साबणाचा मळ, ओतून दिलेला उरलासुरला चहा, सलाईन यांवर स्यूडोमोनास, क्लेब्सिएला यांसारखे जीवाणू पोसले जातात आणि नळीच्या आत बुळबुळीत थर (बायोफिल्म) धरतात. प्रतिजैविकांचे अंशही तेथेच वाहून येत असल्याने रोधी जीवाणूंचे फावते. जंतुनाशक ओतले तरी थराचा आतला भाग बहुधा तगून राहतो.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या 2017 मधील प्रयोगात, पोषण मिळताच हा थर दिवसाला सुमारे 2.5 सेंमी. वर चढला. तो बेसिनच्या जाळीपर्यंत पोचला, की नळाच्या धारेने शिंतोडे उडतात. टोरांटोतील एका रुग्णालयात 2004–06 मध्ये स्यूडोमोनास 36 रुग्णांपर्यंत पोचला, तो असाच.

असे रोधी जीवाणू भारतातही आढळले आहेत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी 2010 मध्ये कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या 24 जीवाणूंपैकी 22 मध्ये ही औषधे निकामी करणारे एनडीएम-1 विकर (एन्झाइम) असल्याचे प्रसिद्ध केले. हे नमुने रुग्णांचे होते, बेसिनचे नव्हेत. मात्र पुढच्याच वर्षी नवी दिल्लीत उघड्यावर साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत त्याचे जनुक आढळल्याचे जाहीर झाले.

धार थेट जाळीवर पडणार नाही अशी रचना, बेसिन व खाट यांत पुरेसे अंतर आणि सांडपाण्यासाठी वेगळी मोरी हे उपाय आहेत. नुसता वाक बदलून भागत नाही. नवा वाकही पुन्हा दूषित होतो.