लिस्बनचा भूकंप आणि देवाचे मन

१ नोव्हेंबर १७५५. शनिवार. सर्व संतांचा सण. लिस्बन शहरातल्या इगर्ज्या सकाळपासून माणसांनी भरून गेल्या होत्या. वेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या, मिस चालू होती. साडेनऊ वाजून गेले आणि जमीन हादरू लागली. काही मिनिटांत इगर्ज्यांची छपरे भाविकांच्या डोक्यावर कोसळली. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून तागुस नदीच्या काठी धावले. थोड्याच वेळाने समुद्र नदीतून वर चढून आला आणि त्यातल्या अनेकांना घेऊन गेला. उलथलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग लागली, ती पाच-सहा दिवस विझली नाही. राजवाडा गेला, त्यातले ग्रंथालय गेले, सर्व संतांच्याच नावाचे मोठे इस्पितळ जळाले. भारताशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या ‘कासा द इंदिया’चे दप्तरही भस्म झाले. म्हणजे आपल्या गोव्याच्या इतिहासाची काही पानेसुद्धा त्या आगीत गेली! मृतांचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत आहेत.

देवाचे घर, सणाचा दिवस, प्रार्थनेची वेळ. आणि मेले ते प्रार्थना करणारे. असे का? हा प्रश्न तेव्हा साऱ्या युरोपला पडला. मी जन्माने ख्रिस्ती नाही. पण श्रद्धेचा हा पेच कोणत्याही धर्माच्या माणसाला चुकलेला नाही. म्हणून हे प्रकरण वाचताना मला ते परके वाटत नाही. आणि गोवेकराला तर त्यात ओळखीची नावेच भेटतात.

‘का’चे उत्तर देणारे लगेच पुढे आले. गाब्रिएल मालाग्रिदा हा मूळचा इटालियन जेझुइट पाद्री. ब्राझीलमध्ये त्याने अनेक वर्षे मिशनकार्य केले होते आणि लोक त्याला संत मानत. १७५६ मध्ये त्याने भूकंपाच्या खऱ्या कारणावर एक पुस्तिका छापली. भूकंप निसर्गाने झाला असे म्हणणे हेच पाप, तो लिस्बनच्या पापांची शिक्षा आहे. तेव्हा घरे बांधत बसण्यापेक्षा प्रायश्चित्त करा, असा तिचा सूर होता. तिकडे इंग्लंडमध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनाही ही शिक्षाच वाटत होती. पण ती इन्क्विझिशनने सांडलेल्या रक्ताची! एकाला वाटले, लिस्बन पुरेसे धार्मिक नव्हते म्हणून बुडाले; दुसऱ्याला वाटले, धर्माच्या नावाने छळ केला म्हणून बुडाले. गंमत पाहा, ज्याचे ज्याच्याशी भांडण होते, त्याच्याच पापात त्याला देवाच्या रागाचे कारण सापडले. फ्रान्समध्ये व्होल्तेरने कविता लिहून ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ म्हणणाऱ्या पंडितांना धारेवर धरले. रूसोने त्याला पत्राने कळवले की सहा-सात मजली घरे दाटीने बांधली ती माणसाने, निसर्गाने नव्हे.

मालाग्रिदाचा शेवट फार वाईट झाला. राजाचा मंत्री सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यु (पुढे मार्केझ द पोंबाल म्हणून गाजला तो) शहर पुन्हा उभारायच्या मागे होता. त्याला ही पुस्तिका खपली नाही. मालाग्रिदाला लिस्बनबाहेर धाडण्यात आले. १७५८ मध्ये राजावर गोळीबार झाला आणि तावोरा घराण्यावर आळ आला. हा मार्केझ द तावोरा म्हणजे १७५० ते १७५४ या काळात गोव्याचा विजरई. त्याची पत्नी लिओनोरही त्याच्याबरोबर गोव्यात राहिली होती. जानेवारी १७५९ मध्ये दोघांनाही देहान्त शासन झाले. लिओनोरचा आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून मालाग्रिदाही तुरुंगात गेला. तिथे त्याच्या मनाचा तोल सुटला असावा. पाखंडाच्या आरोपावरून इन्क्विझिशनने त्याला दोषी ठरवले आणि २१ सप्टेंबर १७६१ रोजी गळा आवळून त्याचा देह जाळण्यात आला. त्या वेळी इन्क्विझिशनच्या प्रमुखपदी पोंबालचा भाऊ होता. देवाच्या नावाने निवाडा देणाऱ्याचा निवाडाही देवाच्याच नावाने झाला!

त्याआधी, सप्टेंबर १७५९ मध्येच जेझुइटांना पोर्तुगालच्या साऱ्या मुलखातून घालवण्याचा हुकूम निघाला. गोव्यातल्या जेझुइटांनाही धरून लिस्बनला रवाना केले गेले. राशोलची सेमिनरी त्यांच्या हातून गेली. भूकंपानंतर पोंबालच्या हाती जी सत्ता एकवटली, तिचा धक्का असा चार वर्षांनी साष्टीत येऊन पोचला.

आता प्रश्न असा की ख्रिस्ती धर्मग्रंथ स्वतः याविषयी काय सांगतो? माझ्या वाचनात मला जे दिसले ते मालाग्रिदाच्या बाजूचे नाही. ईयोबाच्या ग्रंथात एका सज्जन माणसाची मुले, मालमत्ता, आरोग्य सारे हिरावले जाते. मित्र येऊन समजावतात, तुझे काहीतरी पाप असणारच. ईयोब ते मान्य करत नाही. तो थेट देवालाच जाब विचारतो. शेवटी देव बोलतो, पण ईयोबाच्या दुःखाचे कारण सांगत नाही. सृष्टीच्या रचनेविषयी एकामागून एक प्रश्न विचारून त्याला माणसाच्या आकलनाची हद्द दाखवतो. आणि रागावतो कुणावर? देवाची बाजू घेऊन कारणे सांगणाऱ्या त्या मित्रांवर! लूकच्या शुभवर्तमानात शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती, हा तर्क येशू नाकारतो. पश्चात्तापाची हाक देतो ती मात्र जिवंत असलेल्या सगळ्यांना. जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? तिथेही तो दोन्ही पर्याय बाजूला सारतो.

म्हणून मला वाटते, देवावर विश्वास ठेवणे आणि देवाच्या मनातले मला कळले असे म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला सारे कळले त्याला विश्वासाची गरजच काय? विश्वास लागतो तो न कळणाऱ्या जागी. ही चूक एकट्या मालाग्रिदाची नाही. १९३४ मध्ये बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली होती. अस्पृश्यता पाप होते हे दोघांनाही मान्य होते. प्रश्न भूकंपाचा अर्थ लावण्याचा होता. मोठ्यांनाही हा मोह आवरत नाही.

मग न कळणाऱ्याने करायचे काय? भूकंपानंतर राजाने विचारले, आता काय? तेव्हा मेलेल्यांना पुरा आणि जित्यांची काळजी घ्या, असा सल्ला मिळाला म्हणतात. कुणी तो पोंबालच्या नावावर सांगतात, कुणी मार्केझ द आलोर्नाच्या. हा आलोर्ना म्हणजे १७४६ मध्ये आपल्या पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेणारा आणि त्या किल्ल्याचेच नाव पदवीत मिरवणारा विजरई. प्रेते इतकी की जमीन पुरेना. रोगराई पसरू नये म्हणून ती नावांत भरून समुद्रात सोडावी लागली. प्रेत मातीला देण्याची रीत मोडायला लिस्बनच्या धर्मप्रमुखाने, पात्रिआर्कने, संमती दिली.

आणि १७५६ मध्ये पोर्तुगालच्या गावोगावच्या विगारांना सरकारने प्रश्न पाठवले. धक्का किती वाजता बसला? किती वेळ टिकला? समुद्र आधी मागे हटला की चढला? माणसे किती गेली, भेगा कुठे पडल्या? भूकंपशास्त्राच्या इतिहासात ही प्रश्नावली आज मानाने सांगितली जाते. मला त्या अनाम विगारांचे कौतुक वाटते. मोडक्या इगर्जीत त्यांनी उरलेल्यांसाठी मिस म्हटली असेल, आणि मग बसून प्रश्नांची उत्तरे लिहिली: वेळ, दिशा, मृतांची संख्या. ‘का झाला’ हा प्रश्न त्या यादीत नव्हता. तो त्यांनी आपल्या देवाकडे ठेवला असावा.